काळी कॉन्टेसा आणि दसऱ्याचा हार

"आजोबाऽऽ! मोरी तुंबली! पाणी पार घोट्यापर्यंत आलंय!"

जान्हवी बाथरूममधून ओरडली. तिने हात घालून मोरीच्या तोंडात ठोकलेलं नारळाचं सोडण उपसून काढलं, तेव्हा पाणी गडगडत निघून गेलं.

दत्ताराम आजोबांना उंदीर-झुरळांचा भारी राग. घरात कुठेही भोक दिसलं, की ते गावाहून आलेल्या नारळाच्या सालीचा, म्हणजे सोडणाचा, एक जाड तुकडा कोयत्याने तासायचे आणि त्यात गच्च ठोकून बसवायचे. मोरीतलं सोडण रात्री लावायचं आणि पहाटे काढायचं, हा त्यांचा नेम. जान्हवी बारा वर्षांची झाली, पण या नेमात कधी खंड पडलेला तिने पाहिला नव्हता. मग आज काय झालं?

आजोबा खिडकीशी बसले होते. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"आजोबा, बरं वाटत नाही का?"

"गाडी मेली गो," आजोबा म्हणाले. "मियाच मारलंय तिका."

आता ही गाडी म्हणजे काही साधीसुधी गाडी नव्हे! घाटकोपरच्या निशिगंध सोसायटीत, मागच्या भिंतीशी, ताडपत्रीखाली उभी असलेली काळी कॉन्टेसा. लांबलचक नाक, रुंद खांदे. डॉक्टर कर्णिकांची ती गाडी. गिरणी बंद पडल्यावर दत्ताराम आजोबा ड्रायव्हिंग शिकले आणि पंचवीस वर्षं त्यांनी ती चालवली. रोज सकाळी डॉक्टरांना चेंबूरच्या दवाखान्यात सोडायचं आणि रात्री घरी आणायचं. नऊ वर्षांपूर्वी डॉक्टर गेले. "राहू दे ती आहे तशी," असं जयंती आजी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, म्हणाल्या. तेव्हापासून ती आहे तशीच राहिली होती. आजोबा दर दसऱ्याला तिची पूजा तेवढी करायचे.

आणि आता खाली बोर्डावर नोटीस लागली होती! जान्हवी दोन-दोन पायऱ्या उतरत गेली, तर तिचे दोस्त मिहीर आणि श्रुतिका आधीच तिथे उभे होते. मिहीर तेरा वर्षांचा आणि गाड्यांचा किडा, श्रुतिका दहा वर्षांची आणि प्रश्नांची फॅक्टरी.

"वाट लागली यार!" मिहीर म्हणाला. "ऐक. 'मेकॅनिक श्री. चंद्रप्रकाश यांनी बॉनेट उघडून, प्लग काढून तपासणी केली असता इंजिन पूर्ण जाम आढळले. मालकांची संमती मिळाली आहे. रविवारी सकाळी दहा वाजता वाहन भंगारात जाईल. सेक्रेटरी, विद्याधर आपटे.' अगं, ही भारताची मसल कार आहे, मसल कार! आणि ही माणसं तिला देवनारला भंगारवाल्याकडे पाठवणार!"

"जाम म्हणजे काय रे?" श्रुतिकाने विचारलं.

"इंजिनाच्या आतले भाग गंजून एकमेकांना चिकटतात. मग खेळ खलास."

जान्हवीला आजोबांची साय धरलेली कपबशी आठवली. "चला, निदान बघून तरी येऊ तिला."

तिघांनी मिळून ताडपत्री ओढली. धुळीचा असा लोट उठला, की श्रुतिकाला सलग सात शिंका आल्या! काचा मातकट झाल्या होत्या, चारही टायर बसले होते. चाकांमागे विटा होत्या. बॉनेटवर मात्र गेल्या दसऱ्याचा झेंडूचा हार होता. एक टोक वायपरला बांधलेलं आणि दुसरं पुढच्या जाळीला, म्हणजे आख्ख्या बॉनेटवरून मागून पुढे गेलेला. झेंडू वाळून तपकिरी झाला होता. मिहीरने नुसतं बोट लावलं, तर एका फुलाचा भुगाच झाला.

"हात नको लावू ना! आजोबांचा हार आहे तो," जान्हवी ओरडली. आणि तशीच थांबली.

"काय गं, भूत बघितलंस का?"

"मिहीर, नोटिशीत काय लिहिलंय? बॉनेट उघडून?"

"हो. बॉनेट उघडून, प्लग काढून."

"हा हार न तोडता बॉनेट उघडून दाखव बघू!"

मिहीरने हाराकडे पाहिलं, मग बॉनेटच्या फटीकडे, मग पुन्हा हाराकडे. हार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग होता. दोराही शाबूत, गाठीही आजोबांच्याच.

"अरे बापरे!" तो म्हणाला. "म्हणजे त्या चंद्रप्रकाशने बॉनेट उघडलंच नाही! ताडपत्रीचा कोपरा उचलला असेल आणि लिहून दिलं असेल, इंजिन जाम!"

"खोटारडा!" श्रुतिका इतक्या जोरात ओरडली, की भिंतीवरची मांजर पळाली.

मिहीरने मोबाइलवर फटाफट फोटो काढले. हाराचे, गाठींचे, आणि बाजूला आजचा पेपर धरूनही. "पुरावा," तो ऐटीत म्हणाला.

आजोबांना खाली आणायला मात्र नाकी नऊ आले. "तो शिकलेला मेकॅनिक. आणि गाडी बाईंची. मी कोण सांगणारा?" असं म्हणत त्यांनी आधी हातच झटकले. शेवटी जान्हवीने फोटो त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. आजोबांनी चष्मा पुसला, फोटो पाहिला आणि गाठी बोटाने मोजल्या.

"मग त्याने इंजिन पाहिलं खयसून?" ते म्हणाले आणि उठून शर्ट चढवू लागले.

पहिल्या मजल्यावर जयंती आजींनी सगळं ऐकून घेतलं. "इंजिन गेलं म्हणाले, म्हणून मी सही केली. दत्ताराम, तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?"

"बाई, नऊ वर्षं मी तिला एकदाही चालू केली नाही. तुम्ही राहू दे म्हणालात, पण मला तर कळायला हवं होतं! चूक माझी. काय तोंडाने बोलू?"

आजी आत गेल्या आणि डॉक्टरांच्या बॅगेतून किल्ली घेऊन आल्या. "बघा एकदा. गेली असेल तर गेली. पण न बघता नको."

आपटेकाकांनी मात्र हसण्यावारी नेलं. त्यांना मुलांचं ऐकायला कुठला वेळ! "अगं, नोटीस निघाली, क्रेन ठरली. आता ती रविवारी दहाच्या आत आपल्या पायांनी बिल्डिंगला एक फेरी मारून आली, तर मी स्वतः ती नोटीस फाडीन!"

"नक्की ना काका?"

"नक्की!" काका म्हणाले आणि फोनवर बोलत निघून गेले.

त्यांच्या हाती दोन दिवस होते. आजोबांनी हार नमस्कार करून सोडला, कागदात बांधला आणि बॉनेट उघडलं. मग त्यांचा आवाजच बदलला. "मिहीर, पाना! श्रुतिका, टायरांत हवा! जान्हवी, टॉर्च धर. आणि पेट्रोलपाशी कोणीही येऊ नका, ते माझं काम."

त्यांनी टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. त्याला असा उग्र वास येत होता, की श्रुतिकाने नाकाला रुमालच बांधला. मग चार प्लग काढले आणि प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडलं. "रात्रभर मुरू दे," आजोबा म्हणाले. "घाईने स्टार्टर मारला, तर असलेलं इंजिनही जाईल."

शनिवारी सकाळी खरी परीक्षा होती. आजोबांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि विटा काढल्या. "आता ढकला. इंजिन मोकळं असेल, तर चाकांबरोबर पुढचा पंखा फिरेल. जाम असेल, तर मागची चाकं नुसती घासतील."

"हँडब्रेक?" मिहीरने विचारलं.

"लावला असता तर तो चिकटला असता. म्हणून तर विटा!"

तिघांनी मागून जोर लावला. गाडी ढिम्म हलेना. पुन्हा जोर! श्रुतिकाची चप्पल तुटली. तिसऱ्या वेळी गाडी कुरकुरत वीतभर सरकली आणि जान्हवी पुढे धावली.

"फिरला! आजोबा, पंखा फिरला!"

आजोबा पुढे आले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

दिवसभर मिहीरने पॉलिश पेपरने ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, आजोबांनी कार्बोरेटर धुतला, इंजिन ऑइल बदललं, रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून पाहिले. मिहीरच्या बाबांच्या स्कूटरमधून तीन लिटर ताजं पेट्रोल मिळालं, आणि त्यांच्याच गाडीतली बॅटरी रविवारी सकाळी मिळायची होती.

रविवारी साडेनऊला सगळी सोसायटी मागच्या भिंतीशी जमली. आपटेकाका होते, जयंती आजी खुर्चीवर बसल्या होत्या आणि चंद्रप्रकाशही आला होता. भंगारवाला त्याच्याच ओळखीचा होता ना!

"साहेब, कशाला पोरांचा टाइमपास?" तो म्हणाला. "मी स्वतः बॉनेट खोलून चारही प्लग काढून बघितले. इंजिन दगड झालंय."

मिहीर याचीच वाट बघत होता. त्याने मोबाइल थेट आपटेकाकांच्या हातात दिला. "काका, हे फोटो शुक्रवारचे. तुमची नोटीस गुरुवारची. हार तोडल्याशिवाय बॉनेट उघडत नाही. मग यांनी प्लग काढले कुठून, सायलेन्सरमधून?"

लोक हसले. काकांनी एकेक फोटो मोठा करून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. "काय हो चंद्रप्रकाश?"

"अं... म्हणजे... अंदाजाने कळतं ना साहेब, एवढ्या जुन्या गाडीचं..."

"अंदाजाने? आणि तुमच्या अंदाजावर मी सही केली!" जयंती आजी खुर्चीतून म्हणाल्या.

पण फोटोने गाडी थोडीच चालू होणार! आजोबा आत बसले आणि किल्ली फिरवली. घर्र, घर्र, घर्र! इंजिन फिरलं, दोनदा खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा किल्ली, पुन्हा दोन खोकले, पुन्हा शांतता.

"ठिणगी आहे, पेट्रोल आहे," मिहीर घामाघूम होत म्हणाला. "मग घोडं अडलंय कुठे?"

पावणेदहा झाले. गेटापाशी क्रेनचा हॉर्न वाजला. आजोबांनी किल्लीवरून हात काढला. "बॅटरी उतरत चालली. आणखी एकदा-दोनदाच, बस."

"श्रुतिका, मागून धूर येतोय का?" जान्हवीने विचारलं.

"छे! धूर नाही, वारापण नाही. नळीपुढे कागद धरला, तर तो हललासुद्धा नाही."

वारासुद्धा नाही? जान्हवीच्या पायांना एकदम शुक्रवारचं घोट्यापर्यंतचं पाणी आठवलं. आत येतंय, पण बाहेर जायला वाटच नाही!

"आजोबा! डॉक्टर गेल्यावर गाडी उभी केलीत, तेव्हा सायलेन्सरच्या नळीत उंदीर जाऊ नयेत म्हणून काय केलंत?"

आजोबांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! सोडण!"

जान्हवी जमिनीवर आडवी झाली. नळीत खोल, काळंकुट्ट काहीतरी गच्च बसलेलं होतं. वरून पाहणाऱ्याला ती काजळीच वाटली असती! मिहीरने टोक वाकवलेली सळई आत घातली, अडकवली आणि दोघांनी मिळून ओढली. एकदा, दोनदा... आणि नऊ वर्षांचं सोडण धपकन बाहेर आलं. जान्हवी उताणी पडली, पण सोडण काही तिने सोडलं नाही.

"मारा स्टार्टर, आजोबा!"

घर्र, घर्र... आणि धडाड्! मागून काळ्या धुराचा लोट निघाला, पाठोपाठ शेंगदाण्याएवढे केरकचऱ्याचे तुकडे उडाले, आणि कॉन्टेसा जी गुरगुरायला लागली ती थांबेचना! श्रुतिका उड्या मारत होती. क्रेनवाला क्रेन सोडून बघायला आला.

आजोबा उतरले. त्यांनी सवयीने मागचं दार उघडलं आणि बाजूला उभे राहिले. जयंती आजी आल्या, पण त्या पुढच्या दाराशी गेल्या.

"पुढे बसते आज," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं मागे बसून तुमची फक्त पाठ बघितली, दत्ताराम. आणि हे बघा, गाडी तुम्ही मारलेली नाही. ती वाट बघत होती."

आजोबांनी नाकावरून बाही फिरवली. तिघं मागे घुसले. कॉन्टेसा डुलत डुलत बिल्डिंगला एक फेरी मारून आली, तेव्हा दहाला चार मिनिटं होती.

आपटेकाकांनी सगळ्यांसमोर नोटीस फाडली. "पोरांनो, चुकलो मी. समोर उभी असलेली गाडी मी खाली उतरून पाहिली नाही, आणि तुम्ही तिच्या हाराच्या गाठीसुद्धा पाहिल्यात. शाब्बास! चंद्रप्रकाश, तुम्ही आता या. आणि तुमची क्रेनही घेऊन जा."

जयंती आजींनी किल्ली जान्हवीच्या हातात दिली. "दर रविवारी आजोबांना खाली आणायचं, आणि दहा मिनिटं ती चालू करायला लावायची. हे काम तुझं."

"हो आजी!"

तेवढ्यात तिचं लक्ष मागे गेलं. आजोबांनी गाडी बंद केली होती, विटा लावल्या होत्या, आणि ते सोडण झटकून वाकून पुन्हा नळीत बसवू लागले होते.

"आजोबाऽऽ, नाही!" तिघंही एकदम ओरडले.

"अगो, पण उंदीर..."

"आजोबा!"

आजोबांनी सोडणाकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि मोठ्याने हसत ते जान्हवीकडे दिलं. "बरं. मग हे मोरीत लाव. पण पहाटे काढायची आठवण आजपासून तूच ठेवायची हां!"