खेफ्ट निट म्हणणारा माणूस

नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात सुपरमार्केटबाहेर हिमानीचा धक्का लागला आणि सायकलींची अख्खी रांग आडवी झाली. वारा असा, की पाऊस खालून वर येत होता. दिवसभर ऑफिसात खपून आलेली पोरगी. तिथंच बसून रडावं असं झालं तिला. शेवटच्या सायकलीचा मालक भिजत धावत आला आणि हसून म्हणाला, "खेफ्ट निट." म्हणजे, काही हरकत नाही.

"हरकत नाही कशी? मेलं हँडल वाकलंय," ती मराठीत पुटपुटली.

"ते आधीपासूनच वाकडं आहे हो," तोही मराठीतच म्हणाला.

तो सुश्रुत, नाशिकचा. मग चहा झाला, नदीवरच्या पुलावर फिरणं झालं… इथल्या लोकांची धीर देण्याची बोली त्यानं पुरती उचलली होती. ट्रेन चुकली तर "माक्ट निट आउट", काही बिघडत नाही. आमटी करपली तरी तेच. हिमानीला गोड वाटायचं. दमलेल्या जिवाला आणखी काय लागतं?

पुढे हिमानीचा विभागच बंद झाला. व्हिसाच्या नियमानं तीन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर चंबूगबाळं आवरून पुण्याला परत. प्रत्येक नकारावर सुश्रुतचं एकच, "कोम्ट खूट." होईल सगळं नीट. एनस्खेडे गावच्या कंपनीकडूनही नकार आला, तेव्हा ती त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि सांगितलं, की आता शोधायचं बळ उरलं नाही, तिकीट काढते.

त्यानं तोंड उघडलं, ते पुन्हा "कोम्ट…"

"पुरे," ती हळूच म्हणाली. "शेजारच्या डच आजोबांना शोभतं ते. मी गेले तर तुला काही वाटेल का, तेवढं सांग. नसेल वाटत तर तसं सांग — मी सुखानं जाईन."

सुश्रुतनं शेगडी बंद केली. असल्या गुळमुळीत माणसाला खरं बोलताना घाम फुटतो.

"काही नीट होणार नाही, हिमानी," तो म्हणाला. "तू गेलीस तर मला या घरात बसवणार नाही. रोज मीच घाबरतो, म्हणून तुला धीर देत सुटतो. नको जाऊस… लग्न कर माझ्याशी. आणि जायचंच असेल तर मीही येतो."

हिमानीनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"हे आधी बोलला असतास तर निदान झोपले तरी असते रे. लग्नाचं उद्या विचार. आत्ता हो म्हणायचंही त्राण नाही अंगात."