टिनावर वाळवलेलं बी

केळझरच्या गणपतीचं दर्शन घेऊन नागपूरकडे परतणारे लोक आमच्या नर्सरीपाशी गाडी थांबवतात. मोगरा घेतात, कढीपत्ता घेतात, आणि हल्ली विचारतात, "त्या धाकट्या वहिनी नाहीत का?" लग्न होऊन आले तेव्हापासून ही नर्सरी मी सांभाळली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले होते, ते इथे कामी आणलं. शालू, माझी जाऊ, मागच्या दिवाळीनंतर या घरात आली. तिने नुसती झारी उचलली तरी आमचे सासरे नानाजी म्हणणार, "पोरीच्या हाताले गुण हाये." मग माझ्या हाताला काय, नुसते घट्टे? माझ्या पोटात दुखत होतं, लपवत नाही.

या जूनमध्ये जांभळाच्या रोपांची मोठी मागणी आली. नानाजींनी बी आम्हा दोघींत अर्धं अर्धं वाटलं.

"जिचं चांगलं निंगन, नर्सरी तिनं पाहाची," ते म्हणाले. हसत म्हणाले, पण त्यांचं हसत बोललेलंच खरं होतं, हे मला माहीत होतं.

जांभळाचं बी गहू-तुरीसारखं वाळवून ठेवता येत नाही. आतली ओल गेली की त्याचा जीव गेला. म्हणून गर काढायचा, धुवायचं आणि ओलंच लावायचं. मी त्याच दिवशी रोपांच्या पिशव्यांत लावलं. शालू आष्टीकडच्या शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरी बियाणं म्हणजे दाताखाली कटकन वाजलं पाहिजे. तिने आपला वाटा गोठ्याच्या टिनावर पसरला आणि वरून चुलीतली राख भुरभुरली. मी खाली उभी राहून बघत होते.

"ताई, असंच वाळवतेत ना?" तिने वरून विचारलं.

"तुमच्या घरी वाळवतेत तसंच वाळव," मी म्हणाले.

त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

पावसाने दडी मारली होती. टिनाला हात लावला तर चटका बसायचा. आठवडाभरात तिचं बी सुरकुतलं, सुपात खुळखुळायला लागलं. ती आंघोळीला गेल्यावर मी त्यातलं एक फोडून पाहिलं. आत करडा भुगा होता. त्यातलंच मूठभर बी, उगवतं का बघायला, ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या खोलीत ठेवलं, तर तेही कुजून गेलं. आता काळजीचं कारण नव्हतं. शालूने ते मेलेलं बी हिरव्या जाळीखाली, माझ्या पिशव्यांशेजारीच, पिशव्यांत लावलं. माझं तोवर उगवायला हवं होतं. उशीर होतो कधी कधी, असं मी मनाला समजावलं.

शालूचं सगळं उगवलं.

कोवळी, तांबूस, ओलसर पानं. एकही पिशवी रिकामी नाही. नानाजींनी फाटकाची चावी माझ्या देखत तिच्या हातावर ठेवली. ती वाकून माझ्या पाया पडली. मला तिथल्या तिथे तिचा हात पिरगाळावासा वाटला.

माझ्या पिशव्यांत नुसती माती होती. मी एक पिशवी उकरली. चिखलासारख्या ओल्या मातीतून बी निघालं ते सुरकुतलेलं, हलकं. कानाशी हलवलं तर खुळखुळलं. त्याला राख लागलेली होती.

बयेने बी बदललं, दुसरं काय. मी रस्त्यावरच्या जांभळंवाल्या बाईकडून ताजी जांभळं आणली. स्वतःच्या तोंडाने गर चोखला, बी लावलं, पिशवी माझ्या खोलीच्या खिडकीत ठेवली आणि खोलीला कुलूप घातलं. कुलपाची किल्ली मंगळसूत्रात अडकवली. रोज पाणी घातलं.

शेवटी तेही उकरलं. वाळलेलं होतं. त्यालाही राख होती.

जुलै निम्मा सरला होता. घरात सगळे घामाने भिजलेले, कूलरसमोरून कोणी हलत नव्हतं. माझा नवरा प्रफुल्ल माझ्याकडे बघत राहिला.

"तुले घाम काऊन नाई येऊन राह्यला?" त्याने विचारलं.

"काम करून करून सवय झाली," मी म्हणाले.

मग मी आत जाऊन पदराने मान पुसून पाहिली. पदर कोरडा होता.

माठ संपवला तरी तहान जात नव्हती. ओठ फुटले. बोटांची कातडी सुरकुतली.

डॉक्टर म्हणाले, रक्त ठीक आहे.

जाळीखाली शालूची रोपं गुडघ्याएवढी झाली होती. जांभूळ एवढ्यात एवढं वाढत नाही. दुपारच्या उन्हातही त्यांच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं.

मान वळवली की माझ्या कानात बारीक खुळखुळ होते. प्रफुल्लला ऐकू येत नाही.

काल मी ओट्यावर बसले होते. शालू पाण्याचा गडवा घेऊन आली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं, तर नजर गोठ्याकडे गेली. टिनावर निंबोळ्या पसरलेल्या होत्या, त्याही जांभळासारख्या ओल्याच लावायच्या असतात, वर राख भुरभुरलेली.

"घ्या ताई, पिऊन घ्या," ती टिनाकडे बघत मायेने म्हणाली. "त्या लावाच्या बाकी हायेत अजून."