पंख्यातल्या अक्षता

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या एका जुन्या मंडळाचा पहिला मजला. लांबट खोली. भिंतीशी सहा संगणक, प्रत्येकाच्या कपाळाला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ. कोपऱ्यात प्रिंटर, त्यालाही माळ. काल आयुधपूजा झाली, आज दसरा. आता कल्पना करा, तुम्ही पहिल्या संगणकाचं बटण दाबलंत… आणि काहीच झालं नाही. दुसरा घुर्र करून जागा झाला आणि लगेच गप्प बसला. तिसरा नुसताच पीं-पीं करत राहिला.

संहिताचं अगदी असंच झालं. हात तोंडावर गेला, तो तिथंच राहिला.

संहिता म्हणजे मुलांच्या या संगणकवर्गाची मिस. मंडळाच्या मागे लागून, जुने संगणक गोळा करून तिनं हा वर्ग उभा केला होता. येत्या शनिवारी मंडळाचे अध्यक्ष रघुपतीअण्णा पालकांना घेऊन वर्ग बघायला येणार होते. पसंत पडला तर ठीक, नाहीतर खोली एका शिकवणीवाल्याला द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं.

तिनं घाईनं प्रिंटरला कागद लावला. प्रिंटर खरखरला, आचके देऊ लागला… आणि कागदाबरोबर झेंडूची पाकळी बाहेर आली.

"बाप रे! प्रिंटरमधून फूल?" दारातून आवाज आला. "आमच्या पुण्यात अजून हे मॉडेल आलेलं नाही."

संहिता दचकून वळली. दारात एक उंच तरुण उभा होता, हातात पेन ड्राइव्ह. डोळे मात्र पाकळीवर.

"हसू नका हं," ती म्हणाली. "काय हवंय?"

"एक प्रिंट. बाहेरची दुकानं बंद आहेत, इथे मिळेल म्हणाले… एक मिनिट! तुम्ही मराठी?"

"तीनशे वर्षं झाली."

"तुम्हाला?"

"आमच्या घराण्याला हो! इथंच आहोत. तुम्ही?"

"मी मकरंद. मला चारच महिने झालेत. रडारच्या लॅबमध्ये आहे. आणि चार महिन्यांत समोरासमोर मराठी… आज पहिल्यांदा." तो क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला. मग भानावर येऊन म्हणाला, "उघडून बघू या का?"

त्यानं संगणकाच्या डब्याला हात घातला मात्र, संहितानं त्याच्या मनगटावर चापटी मारली.

"स्वल्प थांबा! आधी प्लग. बटण बंद केलं म्हणजे वीज गेली असं नसतं. आणि हात या लोखंडाला लावा, अंगातली वीज उतरू दे."

त्यानं निमूटपणे हात लावला. तिच्याकडे बघत म्हणाला, "उतरत नाहीये…"

संहिता एकदम स्क्रू काढण्यात गुंतली.

झाकण निघालं आणि दोघं आत बघतच राहिले. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. काम करताना तो तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर पंखा असतो. त्या पंख्याच्या पात्यांत गुलाबी तांदूळ गच्च अडकले होते. पंखा फिरणार कसा, आणि तापलेला मेंदू काम करणार कसा?

"अक्षता!" संहिता किंचाळलीच.

मागून हुंदका आला. नऊ वर्षांची आश्लेषा, वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. "मिस, तुम्हीच सांगितलंत ना, खरा संगणक आत असतो, बाहेर नुसतं कव्हर. मग बाहेरून केलेली पूजा त्याला कशी पोचणार? म्हणून आम्ही वरच्या जाळीतून…"

"किती संगणकांत?"

"सगळ्यांत, मिस. प्रिंटरला तोंड आहे ना, म्हणून त्याला फुलं."

मकरंद मटकन जमिनीवर बसला. संहिताला हसावं की रडावं कळेना. शिकवलं तर तिनंच होतं!

दुसऱ्या दिवसापासून मकरंद रोज संध्याकाळी लॅबमधून थेट मंडळात येऊ लागला. मऊ ब्रशनं एकेक दाणा काढायचा, ओल पुसायची, पंखा बोटानं फिरवून बघायचा. पीं-पीं करणाऱ्याची रॅम, म्हणजे तात्पुरत्या आठवणीची पट्टी, सैल झाली होती. संहितानं ती पट्टी अलगद काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले आणि परत बसवली. पीं-पीं थांबली.

"फुंकू नका!" ती ओरडायची. "फुंकरीत ओल असते."

"सॉरी, मिस."

"मला मिस म्हणू नका. आणि तुम्ही रोज का येता हो?"

"माझी प्रिंट राहिलीय ना."

"पेन ड्राइव्ह कुठंय?"

"…विसरलो."

"कालही विसरलात."

"उद्याही विसरणार आहे."

ती मान खाली घालायची, पण हसू काही खाली जायचं नाही.

शनिवारी सहाही संगणक उजळले. मुलांनी डबा उघडून एकेक भाग धडाधड सांगितला. रघुपतीअण्णा खूश झाले. "आश्लेषा, आता एक चित्र छापून दाखव बघू."

चित्र सुरेख आलं. आणि त्याच्या पाठोपाठ… एक सुकलेली पाकळी.

"हे काय?" अण्णांनी विचारलं. आश्लेषानं खरं ते सगळं सांगून टाकलं.

अण्णा हसले नाहीत. "अक्षतांच्या जागी तांब्याभर पाणी ओतलं असतं तर? विजेचं काम आहे, संहिता. इतकी मुलं, तू एकटी. कुणाकुणाकडे बघशील? नको. वर्ग बंद करू."

संहिता काही बोलायला पुढं झाली.

"मी येईन ना!" मकरंद मागून म्हणाला. "दर शनिवारी. दोघं असलो की…"

"तुम्ही कोण? पगार मिळणार नाही."

"नको."

"मशीनची फार आवड दिसते?"

"मशीन लॅबमध्ये भरपूर आहेत."

"मग इथं कशाला येणार?"

मकरंदनं संहिताकडे बघितलं. "या आहेत म्हणून."

मुलीचा वर्ग बघायला पालकांत येऊन बसलेल्या संहिताच्या आईचा चष्मा नाकावरून घसरला. रघुपतीअण्णा तर धक्क्यानं उठूनच उभे राहिले.

संहिताचे कान लाल झाले. "हे… मला आधी सांगायचंत ना!"

"रोज ठरवून यायचो. रोज तुम्ही हातात ब्रश द्यायचात."

ती बघत राहिली. त्या वेंधळ्या, खऱ्या चेहऱ्याकडे. मग अण्णांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अण्णा, मी एकटी नाही. आम्ही दोघं आहोत."

अण्णांनी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "सरी, चालेल," ते शेवटी म्हणाले. "पण लक्ष मुलांवर ठेवा. एकमेकांवर नव्हे!"

सगळी खोली खदखदून हसली. आणि आश्लेषानं काय केलं, ठाऊक आहे? अण्णा उभे आहेत एवढं तिनं पाहिलं, त्यांची रिकामी खुर्ची खर्रर्र ओढत नेली, मिसच्या खुर्चीला अगदी चिकटवून ठेवली, फ्रॉकच्या घोळानं पुसली आणि मकरंदला म्हणाली,

"बसा, सर."