शेवाळाचं सूप

"मासळी हाय ह्यात! अप्पा, थुंका ते... थुंका आधी!"

गंगासागरने सासऱ्यांच्या, ईश्वरप्पांच्या, हातातला वाडगा हिसकावून घेतला, सूपाचं भलंथोरलं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि भरल्या अंगणात, सगळ्यांच्या देखत, मोरीत पालथं केलं. शेजारच्या कौशल्याबाई "शिव शिव शिव" करत चूळ भरायला धावल्या. ईश्वरप्पांचे मात्र दोन घोट पोटात गेले होते... त्यांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला. त्यांच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्या लिंगायत घराच्या उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं.

"अमर, खरं हाय का हे?" त्यांनी धाकट्या लेकाला विचारलं.

अमरनाथने वहिनीकडे पाहिलं, आणि गंगासागरच्या काळजाचं पाणी पाणी झालं! कारण ते खोटं होतं. आज दुपारीच त्याने पुडकं तिच्यासमोर फोडून सांगितलं होतं, "वहिनी, हे समुद्रातलं शेवाळ हाय. वास तेवढा मासळीवाणी येतो, पण हाय नुसता पाला. पातेलं बी नवंच आणलंय." ते शेवाळ तिनेच, आपल्या हातांनी, पाण्यात भिजत घातलं होतं. आता त्याने एक शब्द उच्चारला असता तर चारचौघांत तिची अब्रू गेली असती. त्याने मान खाली घातली.

"चूक झाली अप्पा... माझ्या ध्यानात आलं न्हाई."

का केलं तिने असं? कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं, आणि कळत तर सगळं होतं! पंचवीस वर्षांपूर्वी ती दिंद्रुडच्या ह्या घरात सून म्हणून आली तेव्हा अमरनाथ सहा वर्षांचा होता, आईविना पोरका. तिने त्याला न्हाऊ-माखू घातलं, मांडीवर घेऊन वरणभात भरवला, आणि स्वयंपाकाचं शिकायला निघाला तेव्हा घरभर नाराजी असताना सोमेश्वरच्या, आपल्या नवऱ्याच्या, मागे लागून तिनेच परवानगी मिळवून दिली. आता तो देशोदेशी फिरणाऱ्या जहाजावर स्वयंपाकी होता. चार वर्षांनी सुट्टीवर आला आणि आल्या दिवसापासून रोज संध्याकाळी एकेका देशाचं त्याच्या आवडीचं सूप रांधायला लागला. पहिल्या दिवशी थायलंडचं, गवती चहा आणि लिंबू पिळलेलं, नाकातून पाणी काढणारं. दुसऱ्या दिवशी मोरोक्कोचं, मसूर आणि हरभऱ्याचं. तिसऱ्या दिवशी मेक्सिकोचं, सुक्या मिरच्यांचं, वर मक्याच्या पोळीचे कुरकुरीत तुकडे. गल्लीतल्या बायका वाडगे घेऊन यायच्या, आपापल्या घरची मिरचीची चटणी, ठेचा आणायच्या, चव बघून हाशहुश करायच्या. आणि अप्पा! जे अप्पा तीन वर्षं ताटावर मुक्याने बसायचे आणि मुक्याने उठायचे, ते कपाळाचा घाम पुसत म्हणायचे, "वा रे वा! वाढ अजून!"

वाढ अजून... हे दोन शब्द ऐकायला गंगासागरने तीन वर्षं कान टवकारले होते. तिच्या हातचा येसर, धान्य आणि मसाले खमंग भाजून दळलेला, लग्नघरं मागून न्यायची. त्या येसराची आमटी तीन संध्याकाळी चुलीशेजारी निवत राहिली आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. चौथ्या संध्याकाळी अप्पांनी कौशल्याबाईंचा ठेचा कालवून वाडगा ओठांना लावला, डोळे मिटून "आहाहा" म्हटलं, आणि तिच्या आतलं काहीतरी फणा काढून उठलं.

पण त्याची शिक्षा अशी भोगावी लागेल, हे तिला कुठे ठाऊक होतं!

"स्वामी येऊन तीर्थ देस्तोवर अन्नाला शिवायचं न्हाई," अप्पांनी निक्षून सांगितलं. स्वामी, घराण्याचे गुरू, गेले होते धर्मापुरीला, यायला अजून तीन दिवस. अप्पांना साखरेचा आजार. सोमेश्वरने दुकान बंद करून हातापाया पडून बघितलं, पण म्हातारा हलेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवघरातून उठताना त्यांचा तोल गेला. अमरनाथने धावत येऊन सावरलं, तर त्यांनी हळूच, न रागावता, त्याचा हात बाजूला केला. लेकाच्या हाताचा विटाळ! गंगासागर दाराआडून पाहत होती. बोल गं, सांग गं, असं मन आक्रंदत होतं, पण ती तशीच माघारी चुलीकडे वळली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अमरनाथने बॅग भरली. माजलगावची पहिली गाडी गाठायची, आणि पुढे कुठे, ते त्याने सांगितलं नाही. गंगासागर ओट्याशी उभी होती. शेवाळाचं अर्धं पुडकं तिथेच पडलेलं होतं. तिची लेक अपेक्षा ते हातात घेऊन रडत होती.

"आई, काकानं हे तुझ्यासाठी केलं होतं गं..."

"माझ्यासाठी?"

"परवा त्याचा वाढदिवस होता. कोरियात वाढदिवसाला हेच सूप करतात, आईची आठवण म्हणून. काका म्हणाला, माझी आई मला आठवत न्हाई, मला आठवते ती वहिनी. जेवायला बसल्यावर सांगणार होता तुला."

वाढदिवस! पंचवीस वर्षांत जो दिवस कधी चुकला नाही, तो जहाजावर असतानाही ज्या दिवशी ती देवापुढे त्याच्या नावाने दिवा लावायची, तो दिवस ती मत्सराच्या भरात विसरली होती. आणि ज्याने तिला आई मानलं त्याचं मातृपूजन तिने मोरीत ओतलं होतं!

ती अनवाणीच अंगणात धावली. तिथे बसलेल्या अप्पांच्या विचारपुशीला कौशल्याबाई आल्या होत्या. बॅग खांद्याला लावून अमरनाथ वडिलांना लांबूनच नमस्कार करत होता.

"अप्पा, त्या सूपात मासळी नव्हती!" गंगासागरने सासऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "नुसता पाला होता. मला माहीत होतं, म्याच भिजत घातला होता. मी खोटं बोलले... ह्यानं माझ्यासाठी खाली मान घातली. कौशल्याबाई, तुमी बी ऐका, गल्लीत सांगा!"

"वहिनी, उठा... कावून बोलता असं?" अमरनाथ तिला उठवायला वाकला.

"बोलू दे मला! पंचवीस वर्षं ह्या घरात रांधते, अप्पा. करोनातून उठल्यापासून तुमी एकदा बी वाढ म्हणला न्हाईत. ह्याच्या सूपाला म्हणलात, ते मला सोसवलं न्हाई. मी पापी हाय!"

ईश्वरप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, त्या आजारानं माझी चव गेली," ते म्हणाले. "परत आलीच न्हाई. तुझी आमटी काय, ह्याचं सूप काय, मला सारखंच. ह्याचं लई तिखट असायचं, जीभ भाजायची, म्हणून वाटायचं, अजून काहीतरी लागतंय! तुला सांगितलं असतं तर तू रोज मीठमसाला बदलत बसली असतीस, आपलाच हात बिघडला म्हणून झुरली असतीस. म्हणून गप गिळत राहिलो."

गंगासागरच्या तोंडातून हुंदकाच फुटला. ज्या मौनाला ती तीन वर्षं अवहेलना समजत आली, ती माया होती! अमरनाथने बॅग खाली टाकली आणि लहानपणी बसायचा तसा तिच्या शेजारी भुईवर बसला. तिने त्याचा चेहरा ओंजळीत धरला. "माफ कर रे बाळा," ती म्हणाली, आणि त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

थोड्या वेळाने ती उठली. उरलेलं शेवाळ तिने भिजत घातलं, आणि अमरनाथ सांगत गेला तसं सूप रांधलं. तिने पहिला घोट सगळ्यांसमोर स्वतः घेतला, मग कौशल्याबाईंच्या हातात वाडगा दिला, आणि शेवटी अप्पांसमोर बसली.

ईश्वरप्पांनी इष्टलिंगाला हात जोडले, वाडगा ओठांना लावला आणि रिकामा करून तिच्यापुढे धरला.

"वाढ अजून, गंगासागर. आणि मिरची घाल जरा, काहीच लागंना."