मानेजवळचा क्रूस

"पट्टा दाराबाहेर गेला, तर घर पेटेल."

डिटेक्टिव्ह निवेदितानं चिठ्ठी मोठ्यांदा वाचली आणि तिचा मदतनीस परीक्षित दाराकडे सरकला. तिच्या हाताखाली दोन वर्षं काढली, पण बिचाऱ्याचा भित्रेपणा काही गेला नव्हता.

समोर ज्युलियाना मच्याडो घरातही कोट घालून बसल्या होत्या. मूळच्या वसईच्या, निवृत्त नर्स, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत पन्नास वर्षं झालेल्या. त्यांचे काका फादर इनास युद्धात जपान्यांचे कैदी होते. मिस्सा, म्हणजे रोजची सामूहिक प्रार्थना, बंद करेनात म्हणून पहारेकऱ्यांनी त्यांना मारलं. दोन वर्षं रोज मिस्सेला गळ्यात घातलेला त्यांचा पट्टा, ब्लँकेट फाडून शिवलेला, एका सैनिकानं वसईला पोचवला होता आणि पुढे तो बाईंसोबत इथं आला होता. काकांना संत ठरवायची चर्चची चौकशी चालू होती, आणि उद्या दोन फादर पट्टा तपासणीसाठी न्यायला येणार होते.

"तीन दिवस कोट घालूनच झोपते," बाई म्हणाल्या. "आग लागली तर पट्टा घेऊन पळता यावं. फार भीती वाटते हो मला."

काचेच्या पेटीत पट्ट्याची घडी होती. मधला भाग खाली दुमडलेला, वर फक्त दोन विरलेली टोकं. पेटीची किल्ली स्वयंपाकघरात खुंटीला. घरात वावर आणखी दोघांचाच.

पहिला, बाईंचा पुतण्या ऑस्विन, इथेच जन्मलेला. "मी कशाला धमकी देणार? मी आल्टर सर्व्हर होतो, मिस्सेला फादरला हेल्प करायचो! फादर लोक आधी मानेजवळचा क्रूस किस करते, मग पट्टा घालते. मला रिस्पेक्ट आहे."

दुसरा, वरच्या खोलीतला भाडेकरू मिलिंद, नागपूरचा सॉफ्टवेअरवाला. बोलता बोलता त्याचा फोन वाजला आणि तो ताडकन उठला. "सॉरी, हॉस्पिटलचा असेल. माझी मुलगी अक्षरा ॲडमिट आहे, उद्या हार्टचं ऑपरेशन."

"पट्टा पाहिलात कधी?" निवेदितानं विचारलं.

"काचेतूनच. फादर इनास तो आजारी कैद्यांच्या उशाशी ठेवायचे, असं आंटींनी सांगितलं, म्हणून फोटो काढले होते."

निवेदितानं पेटी उघडली, घडी उलगडली आणि सगळ्यांना बोलावलं. "आंटी, हा पट्टा खोटा आहे."

"देवा रे!" बाई पेटीवर वाकल्या.

"मानेजवळ क्रूसच नाही. नक्कल करणाऱ्यानं काचेतून दिसलं तेवढंच केलं. ऑस्विन क्रूस विसरला नसता."

"खऱ्यावरचा क्रूस झिजलाय," बाई पुटपुटल्या. "चार टाके उरलेत."

"रोज ओठ लागून. म्हणून खरा पट्टा हातात आला तरी क्रूस चोराच्या लक्षात आला नाही."

"पण चोरी झाल्यावर धमकी कशाला?" परीक्षितला काही सुधरेना.

"अरे, तपासणीत बिंग फुटलं असतं! खोटा पट्टा घरातच राहावा, ही गरज फक्त चोराची. मिलिंद, खरा अक्षराच्या उशाशी आहे ना?"

मिलिंदनं कबुली दिली. "नवस केला होता. ऑपरेशन झालं की परत ठेवणार होतो. ऑपरेशनच्याच दिवशी नेणार कळलं आणि डोकंच फिरलं माझं, म्हणून चिठ्ठी लिहिली."

"मला जाळायला निघालास?" बाई कडाडल्या. "मागायचं होतंस की!"

"तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हतात, आंटी."

बाईंनी रिकामी पेटी बंद केली. मग त्यांनी फोन उचलला. "फादर, उद्या घरी नको, हॉस्पिटलात या. पट्टा तिथं आहे. पोरीचं ऑपरेशन होईपर्यंत तो हलवायचा नाही."

त्यांनी फोन ठेवला.

"अजून भीती वाटते का, आंटी?" परीक्षितनं विचारलं.

"वाटते ना. आता तिच्यासाठी." कोट अंगावर होताच. त्यांनी बटणं लावली. "चल रे मिलिंद, मला तिच्याकडे ने."