चार पॉइंट दोन

"दार लावा आधी. मग काय ते बोला."

उत्कर्षाने मान वर न करताच हे सांगितलं. मे महिन्यातली दुपार होती. बाहेर चाकणच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेड तापून निघाल्या होत्या आणि तिच्या तपासणीच्या खोलीत मात्र बरोबर वीस डिग्री. वीस म्हणजे वीस. लोखंड उन्हात फुगतं, मग त्याचं खरं माप कुठलं धरायचं? म्हणून मोजमापाच्या खोलीचा हा नियमच असतो. त्यापायी ही मुलगी भर उन्हाळ्यात मरून रंगाचा स्वेटर घालून बसायची, आणि दार उघडं टाकणाऱ्याची गय करायची नाही, मग तो मालक का असेना.

दार लागलं. आलेला माणूस मालक नव्हता. पाठीला सॅक, हातात स्क्रूड्रायव्हर, कपाळावर घाम… आणि थंड हवा लागताच चेहऱ्यावर एवढं सुख पसरलं, की तिला हसू दाबावं लागलं.

"प्रिंटर कुठंय?" त्याने विचारलं.

"ऑफिसात. शेजारचं दार."

"अच्छा." तो जागचा हलला नाही.

"शेजारचं दार," ती पुन्हा म्हणाली.

"कळलं मॅडम. दोनच मिनिटं… प्रिंटर कुठं पळून जातोय." मग त्याने कान टवकारले. "हा पंखा असा का ओरडतोय?"

टेबलाखाली तिचा कॉम्प्युटर होता, बारा वर्षांचा. तो उकिडवा बसला, झाकण उघडलं. शेडमधल्या मशिनींवरून उडणारं तेल आणि धूळ मिळून पंख्यावर काळं लोणी बसलं होतं.

"हा अजून जिवंत आहे हेच विशेष," तो म्हणाला.

"जिवंत आहे, पण चालत नाही. म्हणजे चालतो… माझ्या आजोबांसारखा."

माणसाचं नाव निरंजन. राहायला दिघीत. वडील नोकरीसाठी लातूरकडून आले ते इथलेच झाले. चाकण-भोसरीतल्या सात कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळायचं कंत्राट त्याच्याकडे होतं, आणि हा सातवा, गेल्याच आठवड्यात मिळालेला. उत्कर्षा मोशीची. घरची शेती निम्मी रस्त्यात गेली, निम्मी इमारतींखाली, आणि पोरीला नोकरीची काय गरज, असं अख्खं गाव म्हणत असताना ती मेकॅनिकलचा डिप्लोमा करून इथे आली. चार वर्षांत तिने एकच गोष्ट कमावली होती, ती म्हणजे तिची सही. तपासणीच्या कागदावर तिची सही असली, की मालक, शेखरशेठ, तो पीस डोळे मिटून गाडीत चढवायचे.

तिच्या खोलीत ग्रॅनाइटच्या टेबलावर मोजणारं मशीन होतं. त्याची बारीक काडी, म्हणजे प्रोब, पीसला हजारो ठिकाणी हलकेच टेकायची आणि मग कॉम्प्युटर हिशोब करून सांगायचा, गोल खरंच गोल आहे की नाही. टेकायला तीन मिनिटं, हिशोबाला आठ. रोज गिअरबॉक्सची पन्नास हाउसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, तयार व्हायची. पूर्वी त्यातली दहा तपासली तरी भागायचं. या महिन्यापासून गिऱ्हाइकाने हट्ट धरला होता, की पन्नासच्या पन्नास तपासा. शिफ्टमध्ये जेमतेम चाळीस व्हायची. उरलेल्या दहांसाठी ती रोज पावणेदोन तास मागे राहायची.

"नवीन घ्या की," निरंजन म्हणाला.

"मशीनचं सॉफ्टवेअर याच कॉम्प्युटरला बांधलेलं आहे. नवा घ्यायचा तर तेही नवं घ्यायचं. किंमत ऐकून शेठ दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत."

तो पुन्हा खाली वाकला. प्रोसेसरचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मॅडम, याच्या नावाच्या शेवटी 'के' आहे."

"मग?"

"मग कंपनीनेच याचं कुलूप काढून ठेवलंय. तीन पॉइंट तीन गिगाहर्ट्झला पळतोय. आपण सांगितलं, तर याहून जोरात पळेल. ओव्हरक्लॉक म्हणतात. बारा वर्षांत याला कुणी सांगितलंच नाही."

पुढचे तीन दिवस तो संध्याकाळी येऊ लागला. ती उरलेले पीस संपवायची, मग तो कामाला लागायचा. पंखा बदलला. प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी, आता वाळलेली पेस्ट खरवडून मोहरीएवढी नवी लावली. मग वेग थोडा वाढवायचा, व्होल्टेज किंचित, आणि स्क्रीनवरच्या तापमानाकडे बघत बसायचं. बसायला स्टूल दोन, तीही जवळजवळ… खोली लहान होती, त्याला कोण काय करणार.

"एकसष्ट," ती वाचायची.

"चालेल."

"अडुसष्ट."

"चालेल. तुम्ही वाचता तेव्हा आकडा कमी वाटतो."

"आकड्यांच्या बाबतीत मला मस्का चालत नाही."

"आणि इतर बाबतीत?"

"त्र्याहत्तर," ती म्हणाली. तेही खरंच होतं.

एमआयडीसीत सुट्टी गुरुवारची, म्हणून रविवारीही काम होतं; त्या संध्याकाळी चार पॉइंट दोनवर गाडी पोचली. त्याने एक प्रोग्रॅम चालू केला. ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत अशी अवघड गणितं हा प्रोसेसरला सोडवायला लावतो, न थांबता, आणि प्रत्येक उत्तर ताडून बघतो.

"बंद पडला तर?" तिने विचारलं.

"बंद पडला तर बरंच. कळतं तरी. वाईट कधी… बंद न पडता बिनधास्त चुकीचं उत्तर देतो तेव्हा. म्हणून निदान रात्रभर चालवायचं. त्याच्या आत याच्यावर विश्वास नाही."

उत्कर्षाने त्या दिवशी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. दुनिया 'चलता है' म्हणत जगते, आणि हा माणूस न दिसणाऱ्या चुकीला भीत होता. तिला तो आवडला, आणि आवडला हे तिला कळलंही. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या.

सोमवारी सकाळी त्याने येऊन बघितलं. चौदा तास, एकही चूक नाही. त्या दिवशी शिफ्टमध्ये अठ्ठेचाळीस पीस झाले. शेखरशेठ खूश झाले आणि लगेच दुसऱ्या कामाला लागले, ही त्यांची शाबासकीची पद्धत.

"दोनच राहिले," निरंजन संध्याकाळी म्हणाला.

"हो ना. वीस मिनिटं. नाहीतर साडेपाचला सुटून कोपऱ्यावर उसाचा रस प्यायले असते." ती प्रोब पुसत राहिली. "कुणाबरोबर तरी…"

बोलून गेली आणि तिचे कान तापले. ती पीसचा ट्रे ठेवून परत आली, तेव्हा तो खाली वाकून बसला होता. तासाभराने उठला. "चार पॉइंट पाच. पन्नास होतील. पास."

वेगात बदल झाला की तिची सही लागायची. किती तास चालवलं, हा प्रश्न तिने आजवर सगळ्यांना विचारला होता. त्या दिवशी नाही विचारला. तिने सही केली.

मंगळवारी पन्नास झाले. साडेपाचला दोघे रसाच्या गाडीवर उभे होते. चरकाला बांधलेले घुंगरू, ग्लासावर जमलेलं दव, रस्त्याला ट्रेलरांची न संपणारी रांग. त्याने तिच्या रसात लिंबू जास्त पिळायला सांगितलं, तिने न सांगता. "कसं कळलं?" तिने विचारलं. "तुमच्या बोलण्यावरून," तो म्हणाला. मोशीपर्यंत कंपनीच्या बसमध्ये ती एकटीच हसत होती.

बुधवारी जेवणानंतर तिने नेहमीप्रमाणे मास्टर रिंग लावली. ही पोलादी कडी बरोबर पन्नास मिलिमीटरची. रोज दोनदा तिला मोजायचं, म्हणजे मशीन खरं बोलतंय हे कळतं. स्क्रीनवर आलं, पन्नास पॉइंट शून्य शून्य सहा.

सहा मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तिने पुन्हा मोजली. बरोबर पन्नास. दुसऱ्या कुणी खांदे उडवले असते. तिने प्रोब पुसला, तापमान बघितलं, कडी वीस वेळा मोजली. सतराव्या वेळी पुन्हा सहा आलं.

बंद न पडता बिनधास्त चुकीचं उत्तर, हे निरंजनचं बोलणं तिला आठवलं. मंगळवारचे पन्नास आणि आजचे चोवीस, असे चौऱ्याहत्तर पीस बाहेर पेट्यांत भरले होते. प्रत्येकावर तिची सही. गाडी शुक्रवारी सकाळी जायची होती.

तिने फोन केला. तो वीस मिनिटांत आला, कडीचे आकडे बघितले आणि स्टुलावर बसला.

"चार पॉइंट पाचवर किती तास चालवलं होतं?" तिने विचारलं.

"एक." त्याने मान खाली घातली. "एकच तास."

यावर रागवावं की काय, हे तिचं तिलाच कळेना. विचारायचं तिने होतं. दोघे शेठच्या केबिनमध्ये गेले.

शेखरशेठनी सगळं ऐकलं, कडी हातात घेऊन उगाच फिरवली. "आरं, प्रोब गेला आसंल. जुनाच हाय त्यो. नवा मागवू, विषय संपला. काय निरंजन, प्रोबच ना?"

शेठनी वाट मोकळी करून दिली होती. नुसती मान हलवली की कंत्राट वाचत होतं. सातांतलं हे सगळ्यात मोठं कंत्राट, तिला ठाऊक होतं. उत्कर्षा टेबलाची कड धरून उभी राहिली आणि मनातल्या मनात म्हणाली, हो म्हणा.

"प्रोब चांगलाय, शेठ," निरंजन म्हणाला. "मी जास्त पळवला. चार पॉइंट दोनला चौदा तास तपासला होता. पुढे नेला तो तासाभरात सोडला. घाई केली."

"घाई कशाची?"

निरंजन शेठच्या हातातल्या कडीकडे बघत राहिला.

"सही माझी आहे," उत्कर्षा म्हणाली. "किती तास, हे मी विचारलं नाही."

शेठना याचाच धक्का जास्त बसला. "तू इचारलं न्हाई? तू तर माझ्या बापालाबी इचारशील." मग त्यांनी कडी खाली ठेवली. "उद्या गुरुवार, सुट्टी हाय. चौऱ्याहत्तर पीस परत मोजा. कंत्राटाचं मी बघतो."

निरंजनने वेग परत चार पॉइंट दोनवर आणला आणि तपासणी लावून दिली. गुरुवारी सकाळी सातला दोघे हजर. पंधरा तास, चूक शून्य. या वेळी तास तिने स्वतः वाचले, वर कडी पंचवीस वेळा मोजली, आणि मग पहिला पीस लावला.

गुरुवारी एमआयडीसी झोपलेली असते. शेडमध्ये एक मशीन चालू नाही. फक्त खंडूमामा, शेडमधले जुने मदतनीस, पीसचे ट्रे आणून ठेवायचे आणि बाहेर जाऊन तंबाखू मळायचे. निरंजन पीस चढवायचा, ती आकडे तपासून लिहायची.

दुपारी तिने दोन डबे काढले. सकाळी आईने, शालनबाईंनी, विचारलंच होतं, "दोन डबं कुनाला गं?" आणि तिने भूक लागते असं ठोकून दिलं होतं.

"शेठचा फोन आला होता," भाकरी मोडत निरंजन म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस येणार."

तिला फार वाईट वाटलं. "मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको. बरोबर केलं त्यांनी."

तिने त्याला आणखी एक भाकरी वाढली. "काल त्यांनी विचारलं, घाई कशाची… तुम्ही सांगितलं नाहीत."

"त्यांना काय सांगणार." तो डब्याकडे बघत होता. "तुमच्याबरोबर रस प्यायचा होता. वीस मिनिटं आड येत होती."

तिने ठेच्याची वाटी त्याच्याकडे सरकवली.

शेवटचा पीस सात वाजून दहा मिनिटांनी झाला. स्क्रीनवर हिरवा, म्हणजे मापात बसलेला. चौऱ्याहत्तरच्या चौऱ्याहत्तर हिरवे. खंडूमामा ट्रे उचलून घेऊन गेले.

निरंजन स्क्रीनकडे बघत राहिला. "म्हणजे एकही खराब नव्हता."

"एकही नाही."

"म्हणजे काल मी प्रोब म्हटलं असतं, तर…"

"तर काही बिघडलं नसतं. गाडी गेली असती, कंत्राट राहिलं असतं." तिने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "आणि खरं सांगू? मलाही तेच हवं होतं. तिथे उभी राहून मी म्हणत होते, हो म्हणा. कुणी खोटं बोलावं असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं."

"मी नाही बोललो म्हणून राग आला?"

"नाही." तिने कागद ओढला, शेवटची सही केली आणि कागदाकडेच बघत म्हणाली, "तेव्हाच कळलं, की तुम्ही नुसते आवडत नाही. माझं प्रेम आहे तुमच्यावर."

खोलीत कॉम्प्युटरचा पंखा तेवढा फिरत होता, बऱ्यापैकी शांत. निरंजनने स्टूल जवळ ओढलं.

"पुन्हा सांगता? एकदा मोजून तुम्ही कुठं सही करता…"

तिने पुन्हा सांगितलं. या वेळी त्याच्याकडे बघून.