तिसऱ्या बाकड्यावरची खूण

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण आमच्या मावशीला थापा मारायची सवय नाही, आणि हे तिच्याच बाबतीत घडलंय. गेल्या वर्षी, कामगारांच्या जुन्या सभागृहात. तेही दिवसाढवळ्या, दुपारी चार वाजता.

मावशी कपडे शिवते. वय बासष्ट, जीभ कात्रीसारखी. सभागृह दुरुस्त करणाऱ्या मंडळींत ती फुकट राबायला गेली, ती एकाच कारणासाठी. ती नऊ वर्षांची असताना तिचे बाबा कारखान्याच्या आगीत गेले. हाती राखसुद्धा लागली नाही. पण सभागृहातल्या बाकड्यांवर प्रत्येक कामगारानं आपल्या जागी चाकूनं खूण कोरली होती. कुणी मासा, कुणी छत्री. बाबांची खूण तिला एकदा हातानं चाचपायची होती. ती कोणती आणि कुठल्या बाकड्यावर, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

खुणा रंगाच्या थरांखाली बुजल्या होत्या.

रोज चार वाजता पावलं वाजायची.

दारातून... सावकाश... तिसऱ्या बाकड्यापर्यंत.

मग लाकूड करकरायचं. कुणीतरी टेकल्यासारखं.

दिसायचं कुणीच नाही.

"उंदीर असेल," सुतार म्हणाला.

"बूट घालून?" मावशी म्हणाली.

रंग हातानंच, हळूहळू खरवडायचा, असं ठरलं होतं. पण उद्घाटन तोंडावर आलं. मावशीनं घासायचं मशीन घेतलं आणि तिसरं बाकडं तासाभरात गुळगुळीत करून टाकलं.

संध्याकाळी एक म्हातारा फिटर आला. तिच्या बाबांच्या जोडीला काम केलेला.

"तुझा बाबा? तिसरं बाकडं, खिडकीकडची जागा. वेणी कोरली होती त्यानं. माझ्या पोरीची आहे, म्हणायचा."

मावशीनं बाकड्यावरून हात फिरवला. नखालाही काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारला पावलं आली.

तिसऱ्या बाकड्यापाशी थांबली... पुढे गेली. चौथं. पाचवं. परत पहिलं...

लाकूड करकरलंच नाही.

मावशीला रडू आवरेना. ती त्या जागेशेजारी जाऊन बसली.

"बाबा, इथे बसा. ही तुमची जागा."

पावलं तिच्यासमोर थांबली.

बराच वेळ...

मग पुन्हा चालू लागली.

"नऊ वर्षांच्या पोरीला सोडून गेले होते गं ते," मावशी मला म्हणाली. "या म्हातारीला कसे ओळखणार?"

ती अजून रोज तिथे जाते. मी एकदाच सोबत गेले होते. पावलं मीही ऐकली. पुन्हा जायचा धीर होत नाही.

निघण्याआधी मावशी आरशासमोर बसते आणि पांढऱ्या केसांची वेणी घालते.